मूरची आयरिश गाणी: लोकगीतं की दिवाणखान्यातला माल?

व्हायोलिनवाली

व्हायोलिनच्या कुठल्याही पहिल्या-दुसऱ्या पुस्तकात ‘द लास्ट रोझ ऑफ समर’ असतंच आणि वर छापलेलं असतं: आयरिश लोकगीत. कसलं लोकगीत? शब्द थॉमस मूरचे, डब्लिनच्या एका वाण्याच्या मुलाचे. १८०५ साली किल्केनीजवळ जेन्किन्सटाउनला एका बड्या घरी पाहुणा असताना त्याने लिहिले. छापले गेले १८१३ मध्ये, त्याच्या ‘आयरिश मेलडीज’च्या पाचव्या अंकात. चाल मात्र जुनी. मूरच्या आधी त्याच चालीवर ब्लार्नीच्या बागांची टिंगल करणारं एक इंग्रजी गाणं म्हटलं जायचं, आणि त्याच्याही आधी आणखी काहीतरी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १८०८ ते १८३४ या काळात या मालेचे दहा अंक आणि एक पुरवणी निघाली. एकूण १२४ गाणी. प्रकाशक पॉवर बंधू, एक डब्लिनला, एक लंडनला. पियानोची साथ बहुतेक अंकांना सर जॉन स्टीव्हन्सनने लिहिली, नंतर हेन्री बिशपने. मूरला वर्षाला ५०० पौंड मिळायचे. माला चालली म्हटल्यावर १८१६ मध्ये ‘सेक्रेड साँग्ज’चा पहिला भाग आला, दुसरा १८२४ मध्ये. म्हणजे देशभक्ती झाली, आता देवभक्ती.

माझं मत सरळ सांगते. मूरने गाणी वाचवली नाहीत, नटवून विकली. ज्यांची गाणी होती त्यांची भाषा आयरिश. हा माणूस इंग्रजीत लिहून लंडनच्या बायकांना रडवत होता. पटत नसेल तर भांडा.

निवांत_पाटील

वाचनखूण साठवली. सविस्तर जेवल्यावर.

उसळप्रेमी

मी पयला! (पाटलांची पोच प्रतिसादात धरत नाहीत.)

मला आयर्लंडचं एवढंच माहीत आहे की तिथल्या एका काळ्या पेयाच्या बाटलीवर हार्प असते. चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पेटीमास्तर

ताई, धागा मूरपासून काढलात, पण गोष्ट सोळा वर्षं आधी सुरू होते.

१७९२ च्या जुलैमध्ये बेलफास्टच्या काही मंडळींनी हार्पवादकांचा मेळावा भरवला. जुनं वादन संपत चाललंय, जे उरलेत त्यांना बोलवा, बक्षिसं द्या आणि एका लिहिणाऱ्याला शेजारी बसवा, असा बेत. आयर्लंडचे दहा वादक आले आणि वेल्सचा एक. बरेचसे अंध. बाई एकच, रोझ मूनी. पहिलं बक्षीस चार्ल्स फॅनिंगला मिळालं, पण ज्याच्यासाठी हा मेळावा आजही आठवतात तो डेनिस हेम्पसन, वय ९७. जुन्या आयरिश हार्पला तारा धातूच्या. बाकी सगळे बोटांच्या पेरांनी वाजवत होते. हेम्पसन एकटा वाढवलेल्या नखांनी छेडत होता, जुन्या रीतीने.

लिहून घ्यायला बसवला होता एडवर्ड बंटिंग. वय १९, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा पोरगा. मेळावा चार दिवसांत संपला, पण हा पोरगा आयुष्यभर त्यातून बाहेर आला नाही. १७९६ मध्ये ६६ चालींचं पहिलं पुस्तक काढलं, दुसरं १८०९ मध्ये, तिसरं थेट १८४० मध्ये. मधल्या काळात म्हाताऱ्या हेम्पसनच्या घरी मॅगिलिगनला जाऊन पुन्हा ऐकून आला.

सगळ्यांनाच भारावून जायला झालं असं समजू नका. क्रांतिकारक वुल्फ टोन त्या आठवड्यात बेलफास्टमध्येच होता. त्याने रोजनिशीत लिहिलं, पुन्हा तेच हार्पवाले, टुणटुण टुणटुण, खड्ड्यात जा!

मूरने पहिल्या अंकांसाठी यातल्या कितीतरी चाली बंटिंगच्या पुस्तकातून उचलल्या. चालींवर कुणाचा हक्क नव्हता, त्यामुळे बंटिंगच्या हाती काही पडलं नाही. तेव्हा ‘नटवून विकली’ म्हणताना आधी ‘उचलली’ हेही लिहा.

उसळप्रेमी

वुल्फ टोन माझा माणूस.

वकीलीण_नागपूर

पेटीमास्तरांनी बंटिंगला हिरो करून टाकलं, पण बंटिंग तरी कुठला सोवळा? हार्प विशिष्ट सुरांना लावलेली असते, मधले कोमल-तीव्र सूर वाटेल तसे येत नाहीत. बंटिंगने छापताना सगळं पियानोसाठी लिहिलं, पट्ट्या बदलल्या, खर्जाची साथ आपल्या मनाने घातली. त्याच्या वह्या बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत. वहीतली घाईघाईतली टिपणं आणि छापील पान शेजारी ठेवून पाहिलं की कळतं काय झालं ते.

आणि मूरची बाजू घेणारं कोणी नाही म्हणून मीच घेते. १८४० च्या पुस्तकात बंटिंगने तक्रार केली की मूरने शब्दांसाठी चाली वाकवल्या. मूरने ते वाचून रोजनिशीत लिहिलं की मी हा मोकळेपणा घेतला नसता तर आज लोकांच्या तोंडी असलेली बरीचशी गाणी बंटिंगच्या पहिल्या पुस्तकात आपल्या अस्सल गाळासकट झोपून राहिली असती. ‘अस्सल गाळ’! माणूस उद्धट होता, पण खोटं काय बोलला?

पेटीमास्तर

@वकीलीण: पट्ट्यांबद्दल सहमत. ‘गाळ’ म्हणणाऱ्याला मात्र माझ्याकडून पेटी नाही.

गॉलवेकर

उशिरा आलो, ड्युटी होती. इथे गेली काही वर्षं राहतोय म्हणून दोन गोष्टी.

एक, मूरचा पुतळा डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजसमोर आहे, १८५७ चा. त्याला लागूनच खाली सार्वजनिक मुतारी होती. मूरचं एक प्रसिद्ध गाणं विकलोमधल्या दोन नद्यांच्या संगमावर आहे. जेम्स जॉइसने ‘युलिसिस’ कादंबरीत नायक ब्लूमच्या मनात विनोद घातलाय की बरोबर जागी बसवलाय याला, पाण्यांचा संगम! इथले लोक मूरवर अजून असेच हसतात, आणि लग्नात दोन पेले झाले की त्याचीच गाणी म्हणतात.

दोन, उसळप्रेमी, त्या बाटलीवरच्या हार्पचा नमुना ट्रिनिटीत काचेत ठेवलेली जुनी हार्प. पण पेटीमास्तरांच्या हेम्पसनची स्वतःची हार्पही त्याच कंपनीच्या, म्हणजे गिनेसच्या, ताब्यात आहे. १७०२ ची.

मूळ प्रश्नावर: व्हायोलिनवाली, तुम्ही भाषेचा मुद्दा काढलात तो खरा. शब्दांचं काय झालं ते मात्र कोणीच लिहिलं नाही. ते लांबलचक आहे, रात्री लिहितो.

व्हायोलिनवाली

@गॉलवेकर: वाट बघतेय. मुतारीबद्दल धन्यवाद, आता ते गाणं वाजवताना हसू आवरणार नाही.

निवांत_पाटील

जेवलो.

आपल्याकडेही हेच झालं नाही का? अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्रामांनी १८९१ मध्ये पोवाडे जमवून छापले. तो अ‍ॅक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. पुढे त्यातले काही त्याने इंग्रजी पद्यात लिहिले, तेही साहेबी थाटाचे. पण फरक असा की शाळिग्रामांनी मराठी पोवाडे मराठीतच छापले, त्यामुळे आपल्याकडे मूळ शब्द राहिले.

सौ_रानजाई

पाटील, विषय भरकटवून धाग्याचा काश्मीर करू नका, आयर्लंडवरच राहा. (मुद्दा मात्र बरोबर आहे.)

गॉलवेकर

आता शब्दांची गोष्ट.

बंटिंगला चाली जमवता आल्या, पण त्याला आयरिश भाषा येत नव्हती. म्हणून १८०२ मध्ये बेलफास्टच्या मंडळींनी पॅट्रिक लिंच नावाच्या शिक्षकाला पश्चिमेला, कॉनाक्टमध्ये पाठवलं. गावोगाव पायपीट करून त्याने गाण्यांचे आयरिश शब्द उतरवून आणले. ते कागदही आज क्वीन्समध्येच बंटिंगच्या वह्यांसोबत आहेत.

पुढच्याच वर्षी इंग्रजांविरुद्धचं बंड फसलं. लिंचकडून आयरिश शिकणारा थॉमस रसेल, बेलफास्टच्या लिनन हॉल ग्रंथालयाचा ग्रंथपाल, त्या बंडात होता. सरकारने लिंचला धरलं आणि रसेलविरुद्ध साक्ष द्यायला लावलं. रसेलला ऑक्टोबर १८०३ मध्ये डाउनपॅट्रिकला फाशी झाली.

मग १८०९ मध्ये बंटिंगचं दुसरं पुस्तक आलं. लिंचने आणलेले आयरिश शब्द त्यात नाहीत. त्यांच्या जागी इंग्रजी पद्यं, काही थॉमस कॅम्पबेलची, काही मेरी बॅलफरची. साक्षीनंतर लिंचचं नावही बेलफास्टच्या त्या मंडळींना नकोसं झालं होतं, म्हणून असं झालं असं काहींना वाटतं. मला वाटतं त्याहून साधं कारण होतं: विकत घेणाऱ्यांना आयरिश वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत असतं तर त्यांच्या घरी पियानो नसता.

म्हणजे पहा, मूरच्या आधीच शब्द बाजूला पडले होते. मूरने रिकाम्या जागेत इंग्रजी भरलं. हा त्याचा बचाव नाही, पण गुन्हा एकट्याच्या नावावर टाकू नका.

मूळ आयरिश शब्द नीट छापून आले १८३१ मध्ये, जेम्स हार्डिमनच्या ‘आयरिश मिन्स्ट्रेल्सी’च्या दोन खंडांत. एका पानावर आयरिश, समोर इंग्रजी पद्य. पण ती इंग्रजी पद्यं इतकी गुळगुळीत की सॅम्युअल फर्ग्युसनने १८३४ मध्ये ‘डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझिन’मध्ये चार लेख लिहून हार्डिमनला धुतलं आणि स्वतःची भाषांतरं शेवटी जोडून दाखवली. फर्ग्युसन प्रॉटेस्टंट आणि ब्रिटनशी नातं टिकावं या मताचा, हार्डिमन कॅथलिक. भांडण निव्वळ कवितेचं नव्हतं हे सांगायला नको.

सौ_रानजाई

लिंचचं वाचून वाईट वाटलं. ज्याच्याकडून भाषा शिकला त्याच्याच साक्षीने फासावर.

सुपारी_कतरनी

@गॉलवेकर: हार्डिमन-फर्ग्युसन भांडणातला सर्वांत मजेदार भाग वगळलात. ‘रोशीन डूव’, म्हणजे काळी छोटी गुलाब. हार्डिमन म्हणाला, ही गुलाब म्हणजे आयर्लंड, गाणं राजद्रोही आहे, परदेशातून मदत येणार असं सांगतं. फर्ग्युसन म्हणाला, छे, हे सरळसरळ प्रेमगीत आहे, आणि तेही एका पाद्र्याचं, ज्याला एका मुलीचा मोह पडलाय आणि पोपकडून सुटका हवी आहे!

देशभक्ती, देवभक्ती आणि शृंगार, तिन्ही एकाच गाण्यात. आमच्या विराण्या वाचलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. १८४६ मध्ये कवी मँगनने ते पुन्हा इंग्रजीत आणलं तेव्हा पाद्री पार गायब झाला, उरलं फक्त राष्ट्र.

उसळप्रेमी

पाद्र्याची बाजू मला जास्त पटते. हलके घ्या.

वसईची_मावशी

मुलांनो, देवभक्तीच्या पुस्तकाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मी लिहिते.

‘सेक्रेड साँग्ज’मधलं ‘कम यी डिस्कॉन्सोलेट’ आमच्या इंग्रजी मिस्सेला मयताच्या वेळी अजून म्हणतात. पुस्तकात मूरने लिहिलेलं तिसरं कडवं नास्तिकाला टोमणा मारणारं होतं. १८३० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस हेस्टिंग्जने ते काढून टाकलं, त्या जागी भाकरी आणि जीवनाचं पाणी यावरचं नवं कडवं घातलं, पहिल्या कडव्यातले एक-दोन शब्दही बदलले. आज सगळीकडे चालतं ते हेस्टिंग्जचं. मूरने लोकांची गाणी बदलली म्हणून ओरडताय ना? त्याचंही लोकांनी बदललं. फिट्टंफाट! १९७२ मध्ये रोबर्टा फ्लॅक आणि डॉनी हॅथवे यांनी ते गायलंय, ऐका एकदा, अंगावर काटा येतो.

दुसरं प्रसिद्ध म्हणजे ‘साउंड द लाउड टिंब्रेल’, मिर्यामचं. इस्राएल लोक समुद्र ओलांडून आले आणि फारोचं सैन्य बुडालं, तेव्हाचं. निर्गमच्या पंधराव्या अध्यायात आहे. डब्लिनच्या माणसाने १८१६ मध्ये ‘जुलमी राजाचं सैन्य बुडालं’ असं गाणं लिहिलं, तेव्हा फारो कोण हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागलं असेल का?

आणखी एक, मूर स्वतः कॅथलिक, बायको प्रॉटेस्टंट, मुलं बायकोच्या चर्चमध्ये वाढली. त्यामुळे या गाण्यांत माता मरिया नाही, संत नाहीत, कुठल्याच पंथाला खटकेल असं काही नाही. त्याच सुमारास डब्लिनचाच थॉमस केली स्तोत्रं लिहीत होता, शेवटी ७६५ भरली, पण ती पक्की चर्चची. मूरची दिवाणखान्यातली.

पेटीमास्तर

मावशी, नमस्कार. एक भर घालतो. ‘सेक्रेड साँग्ज’ला आयरिश चाली जवळजवळ नाहीतच. टिंब्रेलची चाल इंग्लंडच्या एव्हिसनची, पूर्वेच्या आकाशात सोडलेल्या पाखराच्या गाण्याची बेथोव्हेनची, आणखी हायडन, मोझार्ट, आणि उरलेल्यांना स्टीव्हन्सन आहेच. देशाच्या गाण्याला देशी चाल, देवाच्या गाण्याला जर्मन. बाजार बरोबर ओळखला होता.

सौ_रानजाई

त्यातलं ते गवताच्या वेदीचं गाणं वाचलं आत्ता. हिरवळ हेच माझं मखर, आभाळाची कमान हे तुझं देऊळ, डोंगरवारा हा धूप. एकदम ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’.

सुपारी_कतरनी

@रानजाई: वरवर सारखं. तुकोबांच्या अभंगात माणूस खरोखर रानात बसलाय, गावाचा कंटाळा आलाय, मनाशी वाद चाललाय. मूरच्या गाण्यात कोणी बसलेलं नाही. देखावा सुंदर आहे, पण भक्त कुठे दिसत नाही. मला ते भक्तिगीत वाटत नाही, छान लिहिलेली निसर्गकविता वाटते. असो, चव आपापली.

गॉलवेकर

मावशींनी देवभक्तीचा विषय काढला ते बरं झालं, कारण खरी गंमत तिथे आहे.

लंडन-डब्लिनमध्ये मूरचे गुळगुळीत अंक विकले जात होते, त्याच वर्षांत दक्षिणेत, मन्स्टरमध्ये, एक स्वस्त चोपडं हातोहात जात होतं. नाव इंग्रजी, ‘पायस मिसेलनी’. आत सगळं आयरिश. कवी टाइग गेलख ओ’सुलिव्हन, मूळचा लिमरिक परगण्याचा, पुढे डुंगारवनकडे राहिलेला. तरुणपणी उनाड, दारू आणि बायकांवरच्या कविता, मग मन पालटलं आणि उरलेलं आयुष्य धार्मिक पद्यात गेलं. १७९५ मध्ये वॉटरफर्डला वारला. बॅलीलेनीनला पुरलाय, त्याच्यासाठी मृत्युलेख लॅटिनमध्ये रचला तो कवी डॉनखा रुआ मॅक्नमाराने, जो स्वतः त्याच्याहून उनाड.

पुस्तक निघालं १८०२ मध्ये क्लॉनमेलला. पुढच्या पन्नास वर्षांत वीसेक आवृत्त्या निघाल्या, क्लॉनमेल, कॉर्क, लिमरिक अशा ठिकाणी. त्या काळात आयरिश भाषेतलं इतक्या वेळा छापलेलं दुसरं पुस्तक नाही. कॅपोक्विनचा मास्तर पॅट्रिक डेन याने नंतरच्या आवृत्त्यांत स्वतःची पद्यंही घुसवली. यातली पद्यं लोकांना ठाऊक असलेल्या चालींवर रचलेली, म्हणजे वाचायला नव्हे, म्हणायला. येशूच्या हृदयावरची एक रचना तर आजही चर्चमध्ये गातात, मी स्वतः ऐकली आहे.

छपाई बघाल तर डोक्याला हात लावाल. गेलिक वळणाचा ठसा नाही, साधी रोमन अक्षरं. आणि लेखन आयरिश व्याकरणाप्रमाणे नाही, इंग्रजी शाळेत अक्षरं शिकलेल्याला जसं ऐकू येईल तसं. पंडितांनी नाकं मुरडली. पण तेच कारण होतं ते खपायचं! गावातल्या ज्या एका मुलाला इंग्रजी अक्षरं यायची तो हे मोठ्याने वाचू शकायचा, आणि न वाचता येणारी सगळी आजी-मंडळी ऐकून पाठ करायची.

आता सांगा, ‘आयरिश सेक्रेड साँग्ज’ कुठली?

व्हायोलिनवाली

@गॉलवेकर: हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझ्या मताला आधार मिळाला म्हणून आनंद झाला, म्हणजे खरी गोष्ट चोपड्यात होती, पियानोवर नाही.

वसईची_मावशी

रोमन अक्षरांत आपल्या भाषेतलं देवाचं पद्य! बाळांनो, हे आम्हाला नवं नाही. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं ते रोमन लिपीतच, कारण नागरीचे खिळे नव्हते. ओव्या मराठी, अक्षरं फिरंगी. जुन्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. वाचलं ते लोकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे, आणि उपासाच्या दिवसांत गावोगाव म्हणत राहिल्यामुळे. १९०७ मध्ये मंगळूरला सालदान्हांनी पुन्हा छापलं.

निवांत_पाटील

रानजाई, मला गप्प केलंत, आता मावशींना सांगा काश्मीर करू नका म्हणून!

सौ_रानजाई

मावशींना सांगायची माझी टाप नाही.

वकीलीण_नागपूर

सगळे मिळून मूरला परत झोडपायला लागलेत म्हणून आले. बचाव पक्षाचं म्हणणं नोंदवा.

मूर १७९३ मध्ये कॅथलिकांना मिळालेल्या सवलतीनंतर ट्रिनिटीत शिरलेल्या पहिल्या काही कॅथलिक मुलांपैकी. तिथे त्याचा दोस्त रॉबर्ट एमेट. मूर पियानोवर एक जुनी चाल वाजवत होता तेव्हा एमेट उठून म्हणाला की या चालीवर कूच करणाऱ्या वीस हजारांच्या पुढे मी असतो तर! हे मूरनेच पुढे लिहून ठेवलंय. १८०३ मध्ये, गॉलवेकरांनी सांगितलेल्या त्याच बंडापायी, एमेटला डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर फाशी दिली. देश स्वतंत्र होईपर्यंत माझा मृत्युलेख कोणी लिहू नये, असं तो कोर्टात म्हणाला होता. १८०८ च्या पहिल्याच अंकात मूरचं गाणं आहे, त्याचं नाव उच्चारू नका, ते सावलीत झोपू द्या. अख्ख्या गाण्यात एमेटचं नाव नाही. आणि दिवाणखान्यात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं कोणाचं गाणं आहे ते.

हे काम आयरिश भाषेत, गावातल्या दारूच्या गुत्त्यात झालं असतं तर पोलिसांनी धरलं असतं. लॉर्डाच्या घरात लॉर्डाच्या बायकोच्या पियानोवर झालं म्हणून चाललं. याला मी हुशारी म्हणते.

सुपारी_कतरनी

वकीलीणबाई, तुमच्याच अशिलाचा कबुलीजबाब वाचून दाखवू? तिसऱ्या अंकात, १८१० मध्ये, डोनेगलच्या बड्या बाईसाहेबांना लिहिलेलं पत्र प्रस्तावनेसारखं छापलंय. माझी गाणी भडकू लोकांना भडकवतील ही भीती वृथा आहे, असं तो सांगतो. ही गाणी खालच्या गर्दीसाठी नाहीतच, ती सापडतील श्रीमंत-सुशिक्षितांच्या पियानोंवर, ज्यांना देशप्रेमाची थोडी नशा परवडते आणि तिच्यापायी ते काही करून बसतील अशी भीती नसते. असं स्वतः लिहिलंय! इंग्रज समीक्षक हॅझलिटने १८२५ मध्ये उगाच नाही म्हटलं की याने आयर्लंडच्या रानटी हार्पची वाजणारी तपकिरीची डबी केली.

वकीलीण_नागपूर

आरोपीने पोलिसांपुढे दिलेला जबाब पुराव्यात धरत नाहीत, साहेब. सेन्सॉरच्या नजरेसमोर माणूस दुसरं काय लिहिणार?

आणि परिणाम बघा ना. १८४३ मध्ये मॅलोच्या मेजवानीत मूरचंच एक गाणं झालं, ज्यात विचारलंय की इतका नीच गुलाम कुठे आहे जो साखळदंड तोडायची संधी सोडेल. आयरिश कॅथलिकांचा पुढारी ओकॉनेल ताडकन उठला, दोन्ही हात पसरून म्हणाला, मी तो गुलाम नाही! त्या वर्षी त्याच्या सभांना लाखांनी लोक येत होते. गाणं पियानोवरून उतरून मैदानात गेलं, मूरची इच्छा असो वा नसो.

पेटीमास्तर

वकीलीणबाईंना हे एक गाणं माझ्याकडून. चांगला मुद्दा.

गॉलवेकर

+१. आणि यावर कडी म्हणजे, ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल यांनी १८४२ पासून मूरची गाणी आयरिशमध्ये भाषांतरित करून छापली, वृत्तही तेच ठेवून, म्हणजे त्याच चालींवर म्हणता यावीत. आयरिश चाल, तिचे आयरिश शब्द गेले, इंग्रजी आले, आणि मग इंग्रजीचं पुन्हा आयरिश!

तोवर उशीर झाला होता. दुष्काळानंतर १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे पंधरा लाखांच्या आसपास उरले होते, म्हणजे चारांत एकही नाही. जे मेले आणि जहाजांत बसून गेले त्यात आयरिश बोलणारे गरीबच जास्त.

निवांत_पाटील

मग रॅफ्टरीसारख्यांचं काय? आंधळा कवी, मूरच्याच वयाचा, गॉलवे-मेयोकडे फिरायचा. तो कुठल्या संग्रहात आला?

गॉलवेकर

@पाटील: त्याच्या हयातीत कुठल्याच नाही. १८३५ मध्ये वारला. डग्लस हाइडने लोकांच्या तोंडून गोळा करून १९०३ मध्ये पुस्तक काढलं. हाइडने कॉनाक्टची धार्मिक गाणीही १९०६ मध्ये काढली, शेजारी इंग्रजी, पण मूळ आयरिश पहिलं. पुढे हाच माणूस आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. गाणी गोळा करणाऱ्याला राष्ट्राध्यक्ष करणारा देश, आणि आपल्याकडे... जाऊ दे, मॉडरेटर बघतायत.

उसळप्रेमी

बघितलं. पॉपकॉर्न संपले, दुसरी पिशवी आणली, तीही संपली. आता मूळ प्रश्नाचं उत्तर द्या कोणीतरी: ते गुलाबाचं गाणं लोकगीत आहे का नाही?

पेटीमास्तर

चाल आहे, गाणं नाही. आणि चालसुद्धा जशी ऐकू येते तशी नाही, कारण मूरने तिच्यात फिरत वाढवली. फ्लोटोने ती १८४७ च्या ‘मार्था’ ऑपेरात घातली, मेंडेलसोहनने पियानोवर कल्पनाविस्तार केला, एर्न्स्टने व्हायोलिनसाठी असलं अवघड काही लिहून ठेवलंय की वाजवणाऱ्याने नमस्कार करून सुरुवात करावी. इतके हात लागल्यावर ‘लोक’ म्हणजे नेमके कोण?

वकीलीण_नागपूर

ज्यांना ते दोनशे वर्षं पाठ आहे ते. लग्नात दोन पेल्यांनंतर म्हणतात ते. गॉलवेकरांनीच वर साक्ष दिलीय.

सुपारी_कतरनी

दोन पेल्यांनंतरची साक्षही पुराव्यात धरत नाहीत.

व्हायोलिनवाली

भांडणाबद्दल सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं हललंय, पण पूर्ण नाही. मूर नसता तर चाली मेल्या असत्या हे मला अजून पटत नाही, वह्या होत्या की. पण एमेटचं गाणं लॉर्डाच्या घरात वाजवणं ही निव्वळ विक्री नव्हती, हे मान्य.

पुढच्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. पत्रिकेवर ‘आयरिश लोकगीत’ खोडून ‘चाल पारंपरिक, शब्द थॉमस मूर, १८१३’ असं छापणार.

पेटीमास्तर

स्टीव्हन्सनचं नाव राहिलं. साथ त्याची आहे.

व्हायोलिनवाली

म्हणूनच राहिलं. साथीला पियानो ठेवतच नाहीये.